आभासी जगात ग्रंथपालाने नेमके काय करावे?

संदर्भमेज

गेल्या महिन्यात पुण्याजवळच्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल असलेल्या मैत्रिणीचा फोन आला. तिच्या व्यवस्थापनाने ‘मेटाव्हर्समध्ये’, म्हणजे संगणकावरच्या त्रिमितीय आभासी जगात, ग्रंथालय उभारायचे ठरवले आहे आणि सध्याच्या इमारतीची हुबेहूब त्रिमितीय प्रतिकृती करून देण्यासाठी दरपत्रकेही मागवली आहेत. तिने मला एवढेच विचारले की, हे उभे राहिल्यावर आम्ही त्यात करायचे काय? प्रश्न अगदी बरोबर आहे, फक्त तो दरपत्रके मागवण्याच्या आधी कोणीतरी विचारायला हवा होता. तिला फोनवर जे सांगितले ते विस्ताराने लिहावे आणि इथल्या ग्रंथालयक्षेत्रातील मंडळींचेही मत घ्यावे, म्हणून हा धागा काढत आहे.

मी अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागातील एका सार्वजनिक ग्रंथालयात संदर्भ विभागात काम करते. २००७ पासून जवळजवळ तीन वर्षे मी ‘सेकंड लाइफ’ या आभासी जगात, ‘इन्फो आयलंड’ नावाच्या बेटावरील संदर्भ मेजावर, म्हणजे वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे देण्याच्या जागी, आठवड्यातून दोन तास स्वयंसेवक म्हणून बसत असे. ज्यांनी हे जग पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. सॅन फ्रान्सिस्कोच्या लिंडन लॅब या कंपनीने ते २००३ साली खुले केले. त्यात जिंकण्या-हरण्याचा खेळ नाही. आपण एक अवतार, म्हणजे पडद्यावरचे आपले रूप, घेऊन वावरतो, जमीन भाड्याने घेतो, वस्तू तयार करतो आणि इतरांशी बोलतो. इलिनॉय राज्यातील अलायन्स लायब्ररी सिस्टिम या ग्रंथालयांच्या सहकारी यंत्रणेने एप्रिल २००६ मध्ये तिथे काम सुरू केले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इन्फो आयलंड रीतसर खुले झाले. पाहता पाहता त्याच्या आजूबाजूला आणखी बेटे आली. त्यांपैकी आरोग्यविषयक माहितीच्या बेटाला अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाकडून अर्थसाहाय्य मिळाले होते. किशोरवयीनांसाठी वेगळी जागा होती. या सगळ्याचा कणा मात्र संदर्भ मेज हाच होता, आणि त्यामागे देशोदेशीचे ग्रंथपाल आपापल्या घरून, पदरमोड करून बसत.

माझी पहिलीच पाळी मला अजून स्वच्छ आठवते. मेजाजवळ एक अवतार आला. त्याच्या डोक्यावर, अगदी टोपीसारखा, एक मोठा लाकडी खोका बसलेला होता. नव्याने येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाची ही चूक होत असे: कुठेतरी फुकट मिळालेले कपडे खोक्यात भरलेले असतात, आणि कपडे घालायचे सोडून माणूस खोकाच ‘घालतो’. त्याने लिहिले, “हे काढायचे कसे?” मी त्याला खोका आधी उतरवायला सांगितले, मग वस्तू जमिनीवर ठेवण्याची परवानगी असलेल्या जागी त्याला घेऊन गेले, तिथे खोका ठेवून उघडायला सांगितले आणि आतले कपडे सामानात घ्यायला लावले. यात वीस मिनिटे गेली. माझ्या मनात आले की, ग्रंथालयशास्त्राची पदवी घेऊन मी हे काय करत बसले आहे?

कपडे नीट झाल्यावर तो निघाला नाही. मेजासमोरच्या खुर्चीवर बसला आणि बऱ्याच वेळाने त्याने लिहिले की, त्याच्या आईला नुकतेच एका आजाराचे निदान झाले आहे आणि डॉक्टरांनी दिलेली माहिती त्याला समजत नाही. आजाराचे नाव मी इथे सांगणार नाही. ती त्याची खासगी बाब आहे. मी मेडलाइनप्लस या संकेतस्थळावरील सोप्या भाषेतील पानांचे दुवे एका नोटकार्डात, म्हणजे तिथल्या चिठ्ठीत, लिहून त्याच्या हाती दिले आणि आरोग्य बेटाची खूणपत्रिका दिली, म्हणजे एका टिचकीसरशी त्याला तिथे पोहोचता येईल. पुढच्या आठवड्यात तो पुन्हा आला, या वेळी आईसाठी विचारायचे प्रश्न लिहून घेऊन.

खोक्याचा प्रश्न सोडवला नसता, तर आईचा प्रश्न आलाच नसता. तीन वर्षे त्या मेजावर बसून मला कळलेली मुख्य गोष्ट ही आहे. आभासी जगातील ग्रंथालय म्हणजे ठरलेल्या वेळी ठरलेल्या जागी भेटणारा, घाई न करणारा, माहितगार माणूस. भिंती, कमानी आणि कपाटे नंतर येतात, आणि पुष्कळदा आली नाहीत तरी चालते.

याची उलट बाजूही मी पाहिली आहे. त्याच काळात एका मोठ्या ग्रंथालयाने आपल्या इमारतीची नक्कल तिथे उभारली होती: संगमरवरी जिना, वाचनकक्षातील हिरव्या दिव्यांची रांग, छतावरची नक्षी, सगळे जसेच्या तसे. कपाटांतील पुस्तके म्हणजे पुस्तकांच्या पाठीचे छायाचित्र चिकटवलेले ठोकळे होते. टिचकी मारली की ग्रंथालयाचे नेहमीचे संकेतस्थळ उघडायचे, जे घरबसल्या ब्राउझरमध्ये उघडतेच. मी सहा वेळा गेले असेन. सहाही वेळा तिथे माझ्याशिवाय कोणी नव्हते.

मैत्रिणीला मी सांगितले आहे की, व्यवस्थापनाला दर नंतर विचारू देत. मेजावर कोण, कोणत्या वारी, किती वाजता बसणार हे आधी लिहून काढ. आपणास काय वाटते?

ग्रंथसखी

संदर्भमेज ताई, आपला अनुभव मोलाचा आहे आणि आपण तो तळमळीने लिहिला आहे. तरीही माझी शंका मी स्पष्टपणे मांडते. मी मराठवाड्यातील एका वरिष्ठ महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. आमच्याकडे एन-लिस्ट या महाविद्यालयांसाठीच्या सामाईक ई-संग्रह योजनेतून नियतकालिके आणि ई-पुस्तके उपलब्ध आहेत, पण विद्यार्थी त्यांचा वापर फारसा करत नाहीत. संकेतशब्द दिला तरी तो विसरतात. प्रश्न विचारायचा तर ते मला व्हॉट्सअ‍ॅपवर विचारतात आणि मी रात्री दहा वाजताही उत्तर देते. बहुतेकांकडे साधा मोबाइल आहे. सेकंड लाइफसारख्या जगाला बऱ्यापैकी ताकदीचा संगणक आणि अखंड इंटरनेट लागते, असे मी ऐकून आहे. तेव्हा ज्या वाचकाला मी व्हॉट्सअ‍ॅपवर दोन मिनिटांत उत्तर देऊ शकते, त्याला अवतार घ्यायला लावून, चालायला शिकवून, मेजापर्यंत आणून मी काय साधते? भारतीय ग्रंथालयशास्त्राचे प्रणेते डॉ. रंगनाथन यांच्या पाच सूत्रांपैकी चौथे सूत्रच आहे की, वाचकाचा वेळ वाचवा.

संदर्भमेज

ग्रंथसखी, आपली शंका मला मान्य आहे, आणि आपल्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत तर पूर्णपणे मान्य आहे. जो वाचक व्हॉट्सअ‍ॅपवर आहे त्याला तिथेच उत्तर द्यावे. त्याला उचलून दुसऱ्या जगात नेणे म्हणजे त्याचा वेळ वाया घालवणे.

माझे म्हणणे जे वाचक आधीच आभासी जगात राहतात त्यांच्यापुरते आहे. ‘राहतात’ हा शब्द मी जाणूनबुजून वापरते, कारण काही लोक तिथे रोज संध्याकाळी चार-चार तास असतात, त्यांची मैत्री तिथली असते, कामधंदाही तिथला असतो. रंगनाथन यांची १९३१ सालची पाचही सूत्रे मी त्या मेजावर बसून पुन्हा वाचली. पहिले सूत्र सांगते की, ग्रंथ उपयोगासाठी आहेत. चित्र चिकटवलेला ठोकळा तिथेच बाद होतो. पाचवे सूत्र म्हणते की, ग्रंथालय ही वर्धिष्णू संस्था आहे, आणि तिची वाढ वाचक जिथे जमतात त्या दिशेने व्हावी, असे मला वाटते.

याचे सर्वांत चांगले उदाहरण म्हणजे कॅलेडन. सेकंड लाइफमधील हा प्रदेश एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडच्या धर्तीवर, वाफेच्या कल्पित यंत्रांसह, तिथल्या रहिवाशांनी वसवला. लोक त्या काळचे पोशाख घालून, त्या काळच्या अदबीने बोलत वावरत. तिथे जे ग्रंथालय उभे राहिले त्याने त्या वस्तीचाच साज घेतला. ग्रंथपाल लांब कोट घालून येत, प्रदर्शने त्या शतकाबद्दलची असत, आणि संग्रहात स्वामित्वहक्काची मुदत संपलेले त्याच काळातील लेखन असे. त्यामुळे हक्कांचा गुंता आपोआप टळला. एखादी बाई आपल्या पात्रासाठी योग्य टोपी कोणती हे विचारायला येई आणि जाताना त्या काळातील स्त्रियांच्या शिक्षणाविषयी वाचायला घेऊन जाई. यात ग्रंथपालाने वाचकांना आपल्या दारी बोलावले नाही, वस्तीत जाऊन घर केले.

आपण व्हॉट्सअ‍ॅपवर रात्री दहाला उत्तर देता, हेही तेच काम आहे. आपली वस्ती तेवढी वेगळी आहे.

रेवाकाठ

मी ग्रंथालयक्षेत्रातील नाही, पण माझा बारा वर्षांचा मुलगा माइनक्राफ्ट हा ठोकळ्यांनी जग उभारण्याचा संगणकीय खेळ खेळतो आणि त्याच्यामुळेच मला ‘अनसेन्सर्ड लायब्ररी’ कळली. पत्रकारांच्या स्वातंत्र्यासाठी काम करणाऱ्या ‘रिपोर्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या संस्थेने १२ मार्च २०२० रोजी, म्हणजे आंतरजालावरील सेन्सॉरशिपविरोधी दिनी, ती माइनक्राफ्टमध्ये खुली केली. सव्वा कोटी ठोकळे लागले आहेत. बाहेरून घुमट, खांब, पायऱ्या असा मोठा थाट आहे, पण आत गेल्यावर खरी गोष्ट कळते. ज्या देशांत वृत्तपत्रांवर बंधने आहेत त्यांच्यासाठी स्वतंत्र दालने आहेत: सुरुवातीला इजिप्त, मेक्सिको, रशिया, सौदी अरेबिया आणि व्हिएतनाम. त्या त्या देशात दाबले गेलेले लेख खेळातल्या पुस्तकांमध्ये भरून ठेवले आहेत. संकेतस्थळ बंद करता येते, पण मुले खेळतात तो खेळ सहसा कोणी बंद करत नाही, हा त्यामागचा विचार आहे.

माझ्या मुलाने जमाल खाशोगी या हत्या झालेल्या सौदी पत्रकाराचे नाव प्रथम तिथे वाचले. त्याने खेळ थांबवला आणि मला विचारले, “आई, याला का मारले?” आम्ही त्या रात्री एक तास बोललो. वर्तमानपत्र मी त्याच्यासमोर रोज ठेवते, ते तो उघडत नाही.

ताई, आपण म्हणता की इमारत महत्त्वाची नाही. इथे मात्र मेजामागे कोणी नव्हते, तरीही ग्रंथालयाने आपले काम केले. याबद्दल आपण काय म्हणाल?

संदर्भमेज

रेवाताई, आपण माझ्या विधानातील कच्चा दुवा नेमका पकडला. जे वाचन दुसरीकडे मिळतच नाही ते जर त्या जगात मिळत असेल, तर संग्रह स्वतःच सेवा होतो आणि इमारत त्याची पाटी होते. मी पाहिलेल्या संगमरवरी जिन्यामागे मात्र दुसरीकडे न मिळणारे काहीच नव्हते. मी माझे वाक्य सुधारते: तिथे माणूस हवा, किंवा अन्यत्र न मिळणारे काहीतरी हवे, दोन्ही नसेल तर काहीही उभारू नये. आणि मुलाने प्रश्न आपल्याला विचारला, म्हणजे त्या रात्री मेजामागे आपणच बसला होतात.

मुलांच्या बाबतीत एक सावधगिरी सांगायला हवी. सेकंड लाइफने १३ ते १७ वयोगटासाठी वेगळे जग ठेवले होते, आणि अमेरिकेतील शार्लट शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयाने अलायन्सबरोबर तिथे किशोरांचे बेट चालवले. तिथे काम करणाऱ्या प्रौढांची पार्श्वभूमी तपासली जाई आणि त्यांना आपल्या बेटाबाहेर पाऊल टाकता येत नसे. हे जाचक वाटे, पण ते योग्यच होते. आज एखाद्या ग्रंथालयाला खेळाच्या सर्व्हरवर मुलांसाठी काही करायचे असेल, तर प्रवेश ओळखीच्या सभासदांपुरताच ठेवावा आणि एका वेळी किमान दोन कर्मचारी हजर असावेत.

चौकट

मी गोव्यात राहतो, संगणक क्षेत्रात आहे आणि अशा जगांच्या मागच्या यंत्रणेशी माझा थोडाफार संबंध आला आहे. माझी काळजी वेगळी आहे. ग्रंथालय ही संस्था शंभर-शंभर वर्षे टिकते आणि ही जगे टिकत नाहीत.

गूगलचे ‘लाइव्हली’ जुलै २००८ मध्ये आले आणि त्याच वर्षीच्या ३१ डिसेंबरला बंद झाले. ‘अल्टस्पेस’ १० मार्च २०२३ रोजी बंद झाले. ‘मोझिला हब्स’वर महासाथीच्या काळात कितीतरी शिक्षणसंस्थांनी दालने थाटली, आणि मोझिलाने ती सेवा ३१ मे २०२४ रोजी थांबवली. सेकंड लाइफ अजून सुरू आहे, पण तिथेही घरमालकाच्या मर्जीवर राहावे लागते. एका पूर्ण प्रदेशाचे, म्हणजे २५६ मीटर गुणिले २५६ मीटर जमिनीचे भाडे तेव्हा महिना २९५ डॉलर होते. शिक्षणसंस्था आणि ना-नफा संस्थांना ते निम्म्या दरात मिळे. ऑक्टोबर २०१० मध्ये कंपनीने ही सवलत जानेवारीपासून बंद करण्याचे जाहीर केले, आणि ज्यांचे अंदाजपत्रक आधीच मंजूर झालेले होते अशा संस्थांना एकाएकी दुप्पट पैसे कुठून आणायचे हा प्रश्न पडला. सवलत २०१३ मध्ये परत आली, पण दरम्यान पुष्कळांनी गाशा गुंडाळला होता.

म्हणून माझा आग्रह आहे की, करार करण्यापूर्वी ‘बाहेर पडताना आम्ही काय बरोबर नेऊ शकतो’ हे लेखी विचारावे. ओपन सिम्युलेटर ही मुक्त प्रणाली २००७ पासून उपलब्ध आहे. तिच्यात संपूर्ण प्रदेश एका फाइलमध्ये साठवता येतो आणि दुसऱ्या सर्व्हरवर पुन्हा उभा करता येतो. महाविद्यालयाच्या स्वतःच्या संगणकावरही ती चालते. वाचकांची वर्दळ तिथे कमी असते हे मात्र खरे आहे.

संदर्भमेज

चौकट, ती दरवाढ मी आतून पाहिली. आमच्या बेटावरील कितीतरी प्रदर्शने लोकांनी रात्री जागून तयार केली होती. ती कोणाच्या खात्यावर आहेत याची दाखल नोंदवही कोणी ठेवलीच नव्हती. सेकंड लाइफमध्ये जी वस्तू ज्याने बनवली तोच ती बाहेर काढू शकतो, आणि बनवणारा सोडून गेला असेल तर वस्तू तिथेच अडकते. पुस्तक आले की आधी दाखल क्रमांक द्यायचा, ही सवय आपल्याला पहिल्या दिवसापासून असते. आभासी वस्तूंच्या बाबतीत आम्ही ती विसरलो. मैत्रिणीला मी ही सूचनाही केली आहे की, प्रत्येक वस्तूचा निर्माता, तारीख आणि हक्क यांची नोंद ठेवावी आणि मजकूर नेहमी बाहेर, संस्थेच्या सर्व्हरवर ठेवावा. आतल्या वस्तूने फक्त तिथला दुवा उघडावा.

निशिगंध

मी इंदूरला राहते. स्नायूंच्या आजारामुळे गेली अकरा वर्षे माझे बाहेर जाणे जवळजवळ बंद आहे. पूर्वी मी दर शनिवारी वाचनालयात जात असे. पुस्तके आता घरपोच येतात, फोनवर सगळे वाचायला मिळते. त्यामुळे लोकांना वाटते की माझी सोय झाली. वाचनालयातील जी गोष्ट गेली ती पुस्तके नव्हती. शेजारी कोणीतरी वाचत बसलेले असायचे, वर्तमानपत्र उलटल्याचा आवाज यायचा, ग्रंथपाल काका न विचारता नवे पुस्तक पुढे सरकवायचे. ते गेले.

सेकंड लाइफमध्ये ‘व्हर्च्युअल अ‍ॅबिलिटी’ ही अपंग आणि दीर्घ आजारी व्यक्तींची संस्था आहे. ताईंनी उल्लेख केलेले आरोग्य बेट पुढे याच संस्थेने सांभाळले. मी तिथे जाते. ‘शनाकी’ नावाच्या ग्रंथालयात कथांचे जाहीर वाचन होते. वाचणारा आवाजात वाचतो आणि आम्ही गोल करून बसतो. मला बोलताना दम लागतो म्हणून मी लिहून बोलते, आणि तिथे लिहून बोलणाऱ्याकडे कोणी वेगळ्या नजरेने पाहत नाही. एकदा वाचन संपल्यावर कोणीच उठले नाही. दहा-बारा अवतार तसेच बसून राहिले, आणि मला कित्येक वर्षांनी शनिवारच्या वाचनकक्षात बसल्यासारखे वाटले.

तिथे मराठी वाचन कधी ऐकलेले नाही. कोणी सुरू केले, तर मी पहिली श्रोती असेन.

ग्रंथसखी

निशिगंध ताई, आपला प्रतिसाद वाचून मी माझा पहिला प्रतिसाद पुन्हा वाचला. मी फक्त उत्तर किती वेळात मिळते याचा विचार करत होते. घराबाहेर न पडू शकणारे वाचक माझ्याही गावात आहेत, आणि त्यांच्यासाठी आम्ही पुस्तक पोहोचवण्यापलीकडे काही केलेले नाही.

संदर्भमेज ताई, आता व्यवहाराचे विचारते. समजा, आठवड्यातून एक तास मराठी वाचन आणि नंतर अर्धा तास संदर्भ मेज, एवढेच करायचे आहे. काय लागेल?

संदर्भमेज

जमीन लागणार नाही. अशा कार्यक्रमासाठी आधीपासून असलेल्या ग्रंथालयांकडे जागा मागता येते, आणि मागितल्यावर बहुतेक वेळा मिळते असा माझा अनुभव आहे. दोन ग्रंथपाल लागतील: एक वाचणारा आणि दुसरा दाराशी उभा राहून नव्याने आलेल्यांना बसायला, आवाज सुरू करायला मदत करणारा. दुसऱ्याचे काम अधिक कठीण आहे. त्याने आधी किमान आठवडाभर तिथे वावरावे, स्वतः खोका डोक्यावर घालून पाहावा. लिहिलेले संभाषण वीस मीटरपर्यंतच पोहोचते, त्यामुळे श्रोत्यांना तेवढ्या अंतरात बसवावे, पण संदर्भाचा खासगी प्रश्न असेल तर तो थेट संदेशात घ्यावा, म्हणजे शेजारच्याला दिसणार नाही. संभाषणाची नोंद जपून ठेवायचा मोह आवरावा. विचारणाऱ्याच्या संमतीशिवाय ती इतरांना दाखवणे तिथल्या नियमांतही बसत नाही आणि आपल्या व्यवसायाच्या नीतीतही बसत नाही. कोणी त्रास द्यायला आलेच, तर त्याला बाहेर काढण्याचा अधिकार जागेच्या मालकाकडून आधीच मागून घ्यावा.

काय वाचायचे, यात हक्कांचा प्रश्न येईल. भारतात लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी लेखन मुक्त होते, आणि असे पुष्कळ मराठी साहित्य विकिस्रोत या मुक्त ऑनलाइन ग्रंथालयावर आहे. तिथला दुवा नोटकार्डात द्यावा.

आणि वेळ. सेकंड लाइफचे घड्याळ कॅलिफोर्नियाचे आहे. तिथली दुपारी बाराची वेळ म्हणजे भारतात रात्रीचे साडेबारा, हिवाळ्यात दीड. म्हणून भारतातील सकाळी सात ही वेळ मला बरी वाटते; तेव्हा अमेरिकेतील मराठी श्रोत्यांची आदल्या दिवसाची संध्याकाळ असते. निशिगंध, आपल्याला सकाळी सात जमेल का? की दम लागण्याच्या दृष्टीने थोडे उशिरा बरे?

निशिगंध

सकाळी माझी औषधे आठपर्यंत चालतात. साडेआठ जमेल. वार शनिवार ठेवता आला तर पाहा.

ग्रंथसखी

शनिवारी साडेआठ मला जमेल. महाविद्यालय साडेदहाला उघडते. दाराशी मी उभी राहीन. आज रात्री खाते उघडते.